गुरुजींच्या मशीनचा नकार

"मी काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडला."

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात केस पांढरे झाले, पण या वाक्याने सुरुवात न करणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. लालबागला आमच्याच चाळीच्या जिन्याखाली माझं दुकान होतं. वडील गिरणीत होते. संप झाला, मग संप मिटला की नाही हे कोणी धड सांगितलंच नाही, आणि गिरणीचं दार काही उघडलं नाही. मी तेव्हा शाळेत. पुढे वाढलो, आणि ज्याला दुसरं काही सुचत नव्हतं तो त्या काळात कॉम्प्युटरचा कोर्स करायचा, म्हणून मीही केला. तेवढंच माझं चरित्र. बाकी सांगण्यासारखं आहे ते गिऱ्हाइकांचं.

आधी धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगतो. पूर्ण मेलेला कॉम्प्युटर दुरुस्त करणं सोपं असतं. मेलेला भाग काढायचा, जिवंत घालायचा. डोकं फिरवतो तो मधेच बंद पडून स्वतःच पुन्हा चालू होणारा. दुकानात आणला की शहाण्यासारखा चालतो आणि घरी नेला की पुन्हा नाटकं. कारणं ठरलेली असतात : वीज नीट मिळत नाही, मेमरीची पट्टी सैल आहे, आत काही तापतंय, नाहीतर व्हायरस. पण पाचवं कारण कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. ते म्हणजे घरातली माणसं.

दादरला एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांचा कॉम्प्युटर फक्त ते बसले की बंद पडायचा, सूनबाई बसल्या की नाही. सुनेने काहीतरी करून ठेवलंय अशी त्यांची खात्री होती. मी त्यांना माझ्यासमोर बसायला लावलं. सर विचार करायला लागले की पायावर पाय टाकत, आणि उजव्या पायाचा अंगठा नेमका टेबलाखालच्या रीसेटच्या बटणावर जाई. माझगावच्या एका कोळीण मौशीने कॉम्प्युटरच्या मागे सुकटीच्या पिशव्या रचल्या होत्या. मागून गरम वारा येतो, पावसाळ्यात सुकट सादळत नाही. तिला म्हटलं, "मौशी, याला श्वास घेता येत नाही." ती म्हणाली, "त्या वासात आमी सगलेच घेतो की श्वास."

पण खरी सांगायची ती वालावलकर गुरुजींच्या मशीनची गोष्ट.

गुरुजी आमच्या समोरच्या चाळीत पहिल्या माळ्यावर राहत. संपाआधी ते वडिलांच्याच गिरणीत टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला, कोण उशिरा आला, हे बघायचं काम. संपानंतर ते पत्रिका बघायला लागले आणि हळूहळू लोक त्यांना गुरुजी म्हणू लागले. नंतर मुंबईत सगळीकडे कॉम्प्युटर आले तसा त्यांनीही एक घेतला, पत्रिका जुळवायचा प्रोग्राम टाकून. मुलाची जन्मवेळ घाला, मुलीची घाला, बटण दाबा, छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते प्रिंटरवर छापून येई. नायगाव, परळ, माटुंगा, कुठून कुठून लोक यायचे. सकाळपासून दाराबाहेर चपलांचा ढीग.

एकदा गुरुजींनी मला बोलावलं. "मोहन, मशीन मधेच बंद पडतंय रे. परत आपलं आपण सुरू होतं."

मी ते दुकानात आणलं. झाकण काढलं, मेमरीची पट्टी पुसून बसवली, वीजपुरवठ्याची पेटी तपासली, आणि डोक्यावरच्या पंख्याखाली दोन दिवस चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. झाकण लावून परत नेऊन दिलं आणि सांगितलं, "गुरुजी, मशीनमध्ये काही दोष नाही."

हे वाक्य सगळेच मेकॅनिक बोलतात. त्याचं पुढे काय होणार होतं, मला काय माहीत?

महिन्याभराने दुकानात एक बाई आली. तिशी ओलांडलेली, अंगावर परिचारिकेचा पांढरा गणवेश, खांद्याला पर्स. काउंटरवर हात ठेवून म्हणाली, "माझं लग्न मोडणारे मोहन ते तुम्हीच का?"

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. आयुष्यात तोपर्यंत मी माझंसुद्धा लग्न जमवलं नव्हतं, दुसऱ्याचं कुठे मोडणार?

ती वंदना घाडी. परळच्या एका इस्पितळात कान-नाक-घशाच्या विभागात नर्स. तिचे वडील, आम्ही त्यांना घाडीमामा म्हणायचो, माझ्या वडिलांबरोबर एकाच गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर घर वंदनानेच ओढलं, धाकट्या दोघांना शिकवलं, त्यात तिचं लग्न राहून गेलं. आता कुठे एक स्थळ जमत आलं होतं. मुलगा नितीन, नायगावचा, गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दोघं भेटली होती, दोघांना पसंत होतं. मुलाची आई इंदूताई पत्रिका घेऊन गुरुजींकडे गेली. गुरुजींनी बटण दाबलं आणि मशीन बंद पडलं. पुन्हा चालू झालं, पुन्हा दाबलं, पुन्हा बंद.

"मग गुरुजी काय म्हणाले माहितीये?" वंदना म्हणाली. "म्हणाले, मशीनने नकार दिला. इंदूताई म्हणाल्या, मशीन बिघडलं असेल. तर म्हणाले, मोहनने तपासलंय, मशीनमध्ये दोष नाही. म्हणजे दोष पत्रिकेत आहे."

मी डोक्याला हात लावला.

"आणि एकटी मीच नाही," ती म्हणाली. "आमच्या वॉर्डातल्या आयाबाईंच्या भाचीलापण नकार आलाय. लोक आता गुण विचारत नाहीत, मशीन चाललं का विचारतात. तुम्ही दोष नाही म्हणून सांगितलंत ना? आता आहे म्हणून सांगा."

"सापडल्याशिवाय कसं सांगू?"

"मग शोधा. रविवारी दुपारी. मी त्या लोकांना पण बोलावते. जे व्हायचं ते सगळ्यांच्या समोर होऊ दे."

ती निघून गेली. मी शोधायला कबूल झालो की नाही, हे तिने विचारलंसुद्धा नाही.

रविवारी दुपारी गुरुजींच्या खोलीत कोर्टच भरलं. एका बाजूला चटईवर घाडीमामा आणि वंदना, दुसऱ्या बाजूला इंदूताई आणि नितीन. नितीन उंच, चष्मा लावलेला, मांडीवर दोन्ही हात ठेवून फरशीकडे बघत बसलेला. खुर्चीवर गुरुजी. दारात आणि गॅलरीत अर्धी चाळ. काकी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, सगळ्यांना कांदेपोहे देत होत्या, कारण मुलामुलीची माणसं एकत्र बसलीत म्हटल्यावर कांदेपोहे हवेतच.

मी म्हटलं, "गुरुजी, आधी दुसरी कुठली तरी पत्रिका घालून बघू."

"कोणाची?"

"कोणाचीही. ज्यांचं लग्न झालंय आणि टिकलंय अशांची."

स्वतःच्या संसाराची परीक्षा द्यायला चाळीतलं एकही जोडपं पुढे होईना. शेवटी काकी म्हणाल्या, "आमची घाला."

"आपली कशाला?" गुरुजी म्हणाले.

"का? घाबरता काय?"

गुरुजींनी दोघांच्या जन्मवेळा घातल्या. बटण दाबलं. पडद्यावर ग्रहांची घरं उमटायला लागली, प्रिंटर करकरला, आणि पडदा काळा झाला. मग मशीनने टुक केलं आणि पहिल्यापासून चालू झालं.

गॅलरीतून कोणीतरी शिट्टी मारली.

"नकार!" इंदूताई ओरडल्या. "म्हणजे गुरुजी, तुमचासुद्धा? मग तुमचा संसार इतकी वर्षं टिकला कसा?"

काकी शांतपणे पोह्यांवर खोबरं भुरभुरत म्हणाल्या, "तेव्हा मशीन नव्हतं म्हणून."

लोक हसून हसून कठड्याला टेकले. गुरुजींचा चेहरा मात्र उतरला. मला वाईट वाटलं, पण मी काम सोडलं नाही. विचारलं, "गुरुजी, नकार जास्त करून कधी येतात? सकाळी की दुपारी?"

गुरुजी आठवायला लागले. काकींना आठवावं लागलं नाही. "सकाळी येणाऱ्यांची जुळतात. जेवणानंतर येतात त्यांची मोडतात."

"मी दुपारीच आले होते," इंदूताई म्हणाल्या. "नायगावहून यायचं म्हणजे घरचं सगळं आवरून."

मी मशीनजवळ गेलो. हे मी त्यांच्या घरी असं निरखून पहिल्यांदाच बघत होतो. मागच्या वेळी नुसतं उचलून नेलं होतं. मशीनचं कॅबिनेट टेबलावर, देव्हाऱ्याच्या अगदी खाली होतं. गुरुजी त्यालाही देवच मानत, म्हणून वर हळदकुंकू, हार, आणि बरोबर पुढच्या जाळीसमोर उदबत्तीचं घर. शेजारी धुपाटणं. आणि त्याच टेबलाशी बसून काकी रोज कापसाच्या वाती वळत.

मी हात लावायच्या आधीच वंदना पुढे आली. आजाऱ्याच्या कपाळाला लावतात तसा तिने उपडा हात कॅबिनेटच्या बाजूला लावला आणि लगेच काढून घेतला.

"अहो, ताप आहे ह्याला," ती म्हणाली.

मी मशीन बंद केलं, झाकण उघडलं. आत मुख्य चिप असते, तिच्यावर धातूच्या पातळ पातळ पात्यांचा ठोकळा, आणि त्यावर एक छोटा पंखा. चिप तापते, पाती ती उष्णता ओढून घेतात, पंखा उडवून लावतो. गुरुजींच्या मशीनमध्ये पाती दिसतच नव्हती. उदबत्तीच्या धुराचं काळं चिकट कीट आणि त्यात अडकलेला वातींचा कापूस, असा जाड गादीसारखा नमदा तयार झाला होता. दुकानात मी मेमरी बघितली, वीज बघितली, पंखा फिरतोय एवढं बघितलं. पंख्याखाली काय आहे ते बघितलं नव्हतं. आणि तिथे झाकण उघडं होतं, वर मोठा पंखा होता, मग ते बंद कशाला पडेल? इथे सकाळपासून चालून दुपारपर्यंत तापायचं.

"फार तापलं की चिप स्वतःला बंद करून घेते," मी सगळ्यांना सांगितलं. "नाहीतर जळून जाईल. नकार वगैरे काही नाही. जीव वाचवते बिचारी."

घाडीमामा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मी चिमट्याने काढलेला तो काळा नमदा त्यांनी बोटांत घेऊन चोळला. "ह्यो तर कापूस," ते म्हणाले. "आमच्या खात्यात छताक असोच लोंबकळायचो." मग कोणाकडेच न बघता म्हणाले, "गिरण पण कोणी अशी उघडून बघूक होयी होती."

गॅलरीत उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरात कोणी ना कोणी गिरणीत होतं.

गुरुजी खुर्चीवरून खाली चटईवर येऊन बसले. "घाडी, तुला वाटतं मी लोकांना फसवतो," ते म्हणाले. "आपण संपात बाहेर पडलो तेव्हा मी पुढाऱ्याला विचारलं, साहेबाला विचारलं, सरकारी माणसाला विचारलं, की बाबा गिरणी का नाही उघडत? कोणी कारण सांगितलं नाही. शेवटी सगळे म्हणाले, नशीब. मग मी म्हटलं, सगळा कारभार नशीबच बघतंय, तर आपण त्याच्याच खात्यात लागू."

घाडीमामांनी स्वतःची पोह्यांची बशी गुरुजींपुढे सरकवली.

मी ब्रशने पाती साफ केली, चिपवर लावतात ती पांढरी पेस्ट नव्याने लावली, उदबत्तीचं घर उचलून खिडकीत नेऊन ठेवलं. मशीन चालू केलं. वंदना आणि नितीनच्या जन्मवेळा घातल्या. एकेक पान सुरळीत छापून आलं. सत्तावीस गुण. गॅलरीत टाळ्या पडल्या. काकींनी साखर आणली.

मला वाटलं, संपलं. पण इंदूताई साखर घेईनात.

"आता हे सगळ्यांनाच हो म्हणणार," त्या म्हणाल्या. "साफ केलेल्या मशीनच्या होकाराला काय किंमत? आधीसारखं करून बघा."

"आधीसारखं म्हणजे?"

"तो काळा कापूस परत बसवा. त्याच्यासकट हो म्हणालं, तर मी मानते."

वीस-पंचवीस वर्षांच्या धंद्यात काढलेली घाण परत बसवून द्या असं सांगणारं गिऱ्हाईक मला तेवढं एकच भेटलं. मी समजावलं, गुरुजींनी समजावलं, काकींनी तर हात जोडले. इंदूताईंचं एकच : यंत्र काय उगाच तापतं? आमच्याच पत्रिकेला कसं तापलं?

वंदना हे सगळं ऐकत उभी होती. मग ती नितीनकडे वळली. तो अजून फरशीकडेच बघत होता. "मशीन गरम झालं म्हणून बंद पडलं," ती म्हणाली. "तुम्ही तर मगासपासून थंडच आहात. तुम्ही का बंद पडलात?"

नितीनने मान वर केली. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. वंदनाने जरा वाट बघितली, मग पर्स खांद्याला लावली आणि वडिलांना म्हणाली, "चला दादा." गॅलरीतल्या गर्दीने तिला वाट करून दिली.

लग्न मोडलं. या वेळी मशीनने नव्हे, नवरीने. पण संध्याकाळपर्यंत चाळीत वेगळंच पसरलं होतं : मशीनने आधीच सांगितलं होतं. मेकॅनिकने हात घातला, होकार काढला, आणि तरी मोडायचं ते मोडलंच! दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या दारात चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला. गुरुजी माझ्या दुकानात येऊन हळूच म्हणाले, "मोहन, दुपारचं थोडं तापेल असं काही करता येतं का रे? लोक नकार मागायला लागलेत. होकार ऐकून त्यांचं समाधानच होत नाही." मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

चार-सहा दिवसांनी नितीन आला. काउंटरसमोर उभा राहिला. मी विचारलं, काय बिघडलंय? तो गप्प. खोलून बघायला याचं झाकण कुठे, असा विचार करत मी दुसरं काम करत राहिलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "त्या इस्पितळात कुठे असतात?"

"कान-नाक-घशाच्या विभागात," मी म्हटलं. "पण पेशंटशिवाय आत सोडत नाहीत."

पुढचं मला वंदनाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन इस्पितळात केसपेपरच्या रांगेत उभा राहिला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "काय तक्रार?"

"बोलता येत नाही," नितीन म्हणाला.

कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "मग आता बोललं कोण?"

मागच्या रांगेने आरडाओरडा केला, तेव्हा कारकुनाने कंटाळून घसा असं लिहून कागद हातात दिला. नितीन बाकावर पेशंटांमध्ये बसला. त्याचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांच्या शेजारी टॉर्च घेऊन वंदनाच उभी होती. तिने त्याला ओळखलं, पण ड्युटीवर होती, काही बोलली नाही. डॉक्टरांनी त्याची जीभ चमच्याने दाबली. वंदनाने टॉर्च मारला.

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

"आ…" नितीन म्हणाला, आणि चमचा निघाल्याबरोबर, "…ईला सांगितलं मी. लग्न करणार तर हिच्याशीच. नाहीतर नाही."

डॉक्टरांनी वंदनाकडे बघितलं. वंदनाने टॉर्च बंद केला. डॉक्टर म्हणाले, "घसा उत्तम आहे. नेक्स्ट."

मुलाचं ऐकून इंदूताई आठवडाभर बोलल्या नाहीत, मग बोलल्या तेव्हा हॉल कुठला घेताय एवढंच विचारलं. आणि गुरुजी? ते चाळीत सांगत फिरले, "मी काय म्हणत होतो? मशीन बंद पडलं आणि आपलं आपण परत चालू झालं. लग्नाचं तेच झालं. सगळं दाखवलं होतं त्याने, वाचणारा पाहिजे." यावर वाद घालायला माझ्याकडे कुठलंच हत्यार नव्हतं. तेव्हापासून मी कोणालाही "मशीनमध्ये काही दोष नाही" असं म्हणत नाही. "मला सापडला नाही" असं म्हणतो. धंद्यात त्याने थोडं नुकसान होतं.

लग्न परळच्या एका लहानशा हॉलमध्ये झालं. जेवणाच्या पंगतीत नाव घेण्याचा आग्रह सुरू झाला. वंदनाने झटकन उखाणा घेतला, वॉर्डातल्या सगळ्या नर्सनी टाळ्या पिटल्या. मग नितीनची पाळी आली. तो उभा राहिला. हातात जिलबीचा घास, आणि तोंड बंद. हॉल हळूहळू गप्प झाला. वाढपी पातेलं घेऊन जागच्या जागी थांबला. इंदूताई मागून कुजबुजायला लागल्या, "म्हण रे, चांदीच्या ताटात…" वंदनाने मागे न बघता हात वर करून त्यांना थांबवलं. ती काही घाई करीत नव्हती. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"वंदना," नितीन म्हणाला.

बाकी काही नाही. यमक नाही, ताट नाही, वाटी नाही. नाव घ्या म्हटलं होतं, त्याने नाव घेतलं, तिला घास भरवला आणि खाली बसला.